घाटाआधी कापलेली नळी

एकदा एक हळदीचा व्यापारी होता आणि वयाच्या साठाव्या वर्षी त्याला डोंगरदऱ्यांतून गाडी हाकण्याची हौस जडली. नाव भूपाल मगदूम. सांगलीच्या पेठेत त्यांची तीन पिढ्यांची अडत. आयुष्यभर दुकान आणि घर यांपलीकडे ते फारसे गेले नव्हते. मुलगा हाताशी आला, त्याने व्यवहार सांभाळला आणि मगदूमांना उसंत मिळाली. उसंत मिळालेल्या माणसाला प्रथम राहून गेलेल्या गोष्टी आठवतात. मगदूमांना आठवली ती तरुणपणी कधीतरी रस्त्यात पाहिलेली एक गाडी. परदेशी बनावटीची, आतून राजवाड्यासारखी, बाहेरून गव्यासारखी दणकट, वाटेल त्या वाटेने वर चढणारी. नवी घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. अकरा वर्षे वापरलेली तशीच एक गाडी त्यांना पुण्यात मिळाली आणि ती त्यांनी घरी आणली.

आता तिला सजवायचे होते. कोणीतरी सांगितले, अशा गाड्यांतले जाणते मुजावर उस्ताद, त्यांना विचारा. म्हणून मगदूम मलकापूरच्या पुढे, आंबा घाटाच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला असलेल्या उस्तादांच्या गॅरेजात आले.

इब्राहिम मुजावर यांनी सत्तरी ओलांडली होती. उमेदीची चोवीस वर्षे त्यांनी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. घाटात उतरणाऱ्या गाड्यांचे चालक त्यांच्या अंगणात थांबत, काही कामासाठी, काही नुसते विचारण्यासाठी. त्यांच्या हाताखाली शलाका सुतार नावाची मुलगी चार वर्षे काम शिकत होती. ती इंजिनिअरिंगची पदविका घेऊन आलेली. पुस्तकातले तिला ठाऊक होते, आणि पुस्तकात नसलेले शिकायला आपण येथे आलो आहोत, हेही ठाऊक होते.

मगदूमांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. गाडीची उंची चार इंच वाढवायची. टायर मोठे, रुंद, दात असलेले. टपावर दिव्यांची रांग. पुढे जाड लोखंडी बंपर आणि त्यात, रुतलेली गाडी ओढून काढायला, तारेच्या दोराचा रहाट. शिवाय खोल पाण्यातही इंजिनाला हवा मिळावी म्हणून काचेच्या बाजूने वर जाणारे नळकांडे.

"पाण्यात किती खोल जाणार, शेठ?" उस्तादांनी विचारले.

"तसं आत्ताच कुठं जायचं नाही. पण असलेलं बरं."

उस्तादांनी दीड तास गाडी तपासली. मग हात पुसत ते म्हणाले, "गाडी चांगली आहे. पण अकरा वर्षांची आहे. ब्रेकच्या रबरी नळ्या बदला. स्टिअरिंगचे सांधे ढिले झालेत, ते बदला. चाकांच्या मागची रबरं पिचलीत. टायर मूळ मापाचेच घ्या, पण उत्तम घ्या. एवढं केलंत की ही तुम्हाला डोंगरात नेईल आणि परत घरी आणेल."

"आणि माझा कागद?"

"त्यातलं थोडं कामाचं आहे. त्याचं नंतर बघू."

मगदूम कागदाची पुन्हा घडी घालू लागले. मग प्रांजळपणे म्हणाले, "उस्ताद, तुम्ही सांगितलेलं यातलं काहीच बाहेरून दिसणार नाही."

"नाही दिसणार."

"मग गाडीला काही केलं, असं वाटणार तरी कसं?"

उस्ताद यावर नुसते हसले. मगदूमांनी चहा घेतला, नमस्कार केला आणि ते निघून गेले. पुढे एका मोठ्या शहरातल्या झगमगीत दुकानात त्यांच्या कागदावरचे सारे काही, ओळीने, गाडीला लागले.

दोन महिने गेले. डिसेंबरातल्या एका सकाळी ती गाडी पुन्हा उस्तादांच्या अंगणात येऊन उभी राहिली. शलाकाने हातातले काम टाकले. गाडी ओळखू येत नव्हती. पूर्वी दाराशी उभे राहिले की टप दिसे. आता मान वर करावी लागत होती. टायर कमरेपर्यंत आले होते. टपावर आठ दिवे, आणि खाली बंपरवर आणखी दोन पिवळे. शलाका गाडीभोवती एक फेरी मारून आली आणि मनाशी म्हणाली, अशी गाडी या रस्त्याने आजवर गेली नसेल.

गाडीतून मगदूमांची पत्नी त्रिशलाताई उतरल्या, मुलगी उतरली, जावई उतरले आणि दोन लहान नातवंडे उतरली. सारे रत्नागिरीला जावयांच्या घरी निघाले होते. तिकडे त्यांच्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता.

"डावीकडे वळवली की काहीतरी घासल्यासारखं वाजतंय," मगदूम म्हणाले. "पाच मिनिटांत बघून द्या. मुहूर्त संध्याकाळचा आहे, पण जेवायला पाहुणे थांबलेत."

मंडळी शेजारच्या टपरीवर चहाला गेली. उस्तादांनी शलाकाला स्टिअरिंग एका टोकापर्यंत फिरवायला सांगितले, मग दुसऱ्या टोकापर्यंत. ते उजेडासाठी विजेरी घेऊन पुढच्या चाकाशी बसले. बराच वेळ बसले. दुसऱ्या चाकाशी गेले, तिथेही बसले. उठले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"शेठ, आज ही गाडी घाटात नेऊ नका."

"का? काय झालं?"

"गाडी वर उचललीत, ब्रेकची नळी मात्र तीच ठेवलीत. ती ताणली गेलीय. त्यात टायर मोठा, तो वळताना नळीवर घासतोय. वरचं रबर गेलंय, आतला दोरा दिसतोय."

"आज जाऊ दे. परत येताना दोन दिवस तुमच्याकडेच सोडतो."

"आज नको."

"उस्ताद, सांगलीहून इथवर आलीच की. एकदाही दगा दिला नाही."

"इथवर चढ होता, शेठ. चढाला ब्रेक लागतो कुठं? आता उतार आहे."

मगदूम हसले, पण त्या हसण्यात चीड होती. आपण या माणसाचे ऐकले नाही, त्याचा याला राग आहे, असे त्यांच्या मनात आले. पुढे एकदा बोलूनही दाखवले त्यांनी तसे. उस्तादांनी तिसऱ्यांदा सांगितले, दुसरी गाडी बोलावून देतो, मंडळींना तीत पाठवा. मगदूम म्हणाले, "जावयाच्या दारात भाड्याच्या जीपमधून उतरू?" आणि त्यांनी टपरीकडे पाहून सर्वांना हात केला. मुलांनी धावत येऊन दार उघडायला सुरुवातही केली.

"शलाका, पक्कड दे," उस्ताद म्हणाले.

तिला वाटले, कुठे एखादी तार लोंबत असेल, ती कापून देतील. तिने तारा कापायची मोठी पक्कड त्यांच्या हातात ठेवली. उस्ताद उजव्या चाकाशी वाकले. एक छोटासा आवाज झाला, सुपारी फुटल्यासारखा. चाकाच्या आतून तेलाची धार लागली आणि मातीत काळा डाग पसरू लागला.

उस्तादांनी ब्रेकची नळी कापली होती.

दाराला हात लावून उभी असलेली मुले तशीच उभी राहिली. त्रिशलाताईंच्या हातातला चहाचा पेला तिरका झाला आणि चहा साडीवर सांडला, तरी त्यांना कळले नाही. जावई पुढे झाले आणि थांबले. मगदूम कितीतरी वेळ त्या धारेकडे पाहत राहिले, जणू आपल्याच अंगातून काही वाहते आहे. त्यांचा आवाज निघाला तो अगदी खालच्या पट्टीत.

"हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"हो."

"माझ्या बायकामुलांसमोर तुम्ही माझी गाडी मारलीत."

"हो, शेठ."

चार वर्षांत शलाकाने उस्तादांना कोणाच्या गाडीवर ओरखडाही उमटू देताना पाहिले नव्हते. दुसऱ्याच्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा त्यांनी तिला शिकवलेला पहिला धडा. आणि पक्कड तिने दिली होती.

"उस्ताद, तुम्हाला हा अधिकार नव्हता," ती म्हणाली. गुरूला असे सर्वांसमोर बोलण्याची तिची ही पहिलीच वेळ.

"नव्हता," उस्ताद म्हणाले.

मगदूमांनी फोन काढला. "मी पोलिसांना बोलावतो."

"बोलवा. मी कुठं जात नाही. त्यांना यायला अर्धा तास लागेल. तेवढ्यात एक गोष्ट करून बघा. तुमच्याच हातानं."

उस्तादांनी डाव्या चाकाची नळी सोडवली. ही कापलेली नव्हती, अखंड होती. त्यांनी तिचे एक तोंड बंद केले आणि दुसरे एका जुन्या हातपंपाला जोडले. लष्करात असताना ते अशाच पंपावर नळ्या तपासत. पंप मेजावर घट्ट बसवून त्यांनी मगदूमांना डोळ्यांवर लावायला चष्मा दिला, नळीभोवती तारेची जाळी ठेवली आणि बाकीच्यांना मागे सरायला सांगितले.

"दांडा हळू दाबा. पुढं अचानक म्हैस आली तर पाय जेवढ्या जोरानं पडेल, तेवढाच जोर द्यायचा. जास्त नाही. पंपावरचा दाबाचा काटा लाल खुणेपर्यंत आला की थांबा."

मगदूमांनी रागानेच दांडा धरला. एकदा दाबला. काटा हलला. दुसऱ्यांदा दाबला. नळीच्या मधोमध, जिथे टायर घासत होता तिथे, एक फुगवटा आला. आधी वाटाण्याएवढा, मग लहान कांद्याएवढा. काटा लाल खुणेच्या बराच अलीकडे होता. मगदूम थांबले. त्यांनी उस्तादांकडे पाहिले. उस्ताद काट्याकडे पाहत होते. मगदूमांनी तिसऱ्यांदा दांडा दाबला.

फट्कन आवाज झाला. जाळीतून तेल उडाले आणि मगदूमांच्या पांढऱ्या सदऱ्यावर छातीपासून पोटापर्यंत तुषार उमटले. काटा धप्पकन शून्यावर आला. त्यांच्या हातातला दांडा मोकळा, सैल, काहीच न धरलेल्यासारखा खाली गेला.

तो दांडा खाली जाताना जे जाणवले, ते मगदूम पुढे कोणालाच नीट सांगू शकले नाहीत. पायाखालून जमीन सरकणे म्हणतात ते हेच, एवढेच ते म्हणत. त्या क्षणी त्यांनी मागे वळून पाहिले. मोठा नातू सहा वर्षांचा होता, धाकटी चार वर्षांची. दोघे आईच्या पदराशी उभे राहून त्यांच्या डागाळलेल्या सदऱ्याकडे पाहत होते.

मगदूमांनी फोन खिशात ठेवला आणि तिथल्याच एका ओट्यावर ते बसले. त्रिशलाताई त्यांच्याजवळ येऊन बसल्या.

तेव्हा उस्ताद बोलले. आवाज न चढवता, थांबत थांबत.

"शेठ, ती फुटायची ती फुटणारच होती. कुठं फुटावी, एवढंच आज माझ्या हातात होतं. वापरलेली गाडी घेतो तेव्हा तिची शोभा आपल्याला मिळते आणि तिची झीजही मिळते. शोभा वर असते, झीज खाली असते. तुम्ही थकलेल्या माणसाच्या पायात पैलवानाचे जोडे घातलेत. जोडे भारी आहेत, खोटं नाही. पण ते उचलणारे गुडघे जुनेच. आणि एक सांगतो. गाडीला जे जे लावाल, टायर, लोखंड, दिवे, त्या सगळ्याचा भार शेवटी एका घडीला एकाच जागी येतो, थांबायच्या घडीला. चढायची ताकद सगळे मागतात. थांबायची ताकद मागणारा माणूस मला या अंगणात फार कमी भेटलाय."

शलाकाच्या मनात मात्र अजून खदखद होती. ती सत्य बोलायला शिकलेली मुलगी. "पण उस्ताद, अशा गाडीला ब्रेकचे दोन वेगळे मार्ग असतात. एक नळी गेली तरी निम्मा ब्रेक उरतो. ते वाचलेही असते."

"वाचले असते कदाचित," उस्ताद म्हणाले. "तू म्हणतेस ते बरोबर आहे. निम्मा ब्रेक, जड टायर, सहा माणसं, आणि पहिल्यांदाच घाट उतरणारा माणूस. ते ‘कदाचित’ मला अंगावर घ्यायचं नव्हतं. मी केलं ते चांगलं काम नव्हे, बाई. माझं बोलणं संपलं होतं, म्हणून हात उचलला. बोलणं संपू देऊ नये, ते माझं चुकलंच. तू माझ्याहून चांगलं बोलायला शीक."

थोड्या वेळाने उस्तादांनी तिला विचारले, "सकाळी गाडी आली, तेव्हा तू पहिल्यांदा काय पाहिलंस?"

"दिवे," शलाका म्हणाली, आणि तिची मान खाली गेली. चार वर्षे शिकलेली ती, गाडीभोवती अख्खी फेरी मारून आली होती. नळी तिच्यापासून हातभर अंतरावर होती.

पोलीस आले नाहीत, कारण त्यांना कोणी बोलावले नाही. उस्तादांनी ओळखीची जीप बोलावली. मुलगी, जावई आणि नातवंडे तीतून पुढे गेली, आणि संध्याकाळी वेळेवर पोहोचली. जावयाच्या दारात भाड्याची जीप उभी राहिली म्हणून कोणी काही बोलले नाही. कोणाचे लक्षही गेले नाही. त्रिशलाताई मात्र गेल्या नाहीत. "गाडी तुम्ही आणणार असाल तर मी त्याच गाडीतनं येणार," एवढेच त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यांच्या मनात नेमके काय होते, राग की सोबत, हे मगदूमांना विचारण्याचा धीर झाला नाही.

दोन दिवस नवरा-बायको मलकापुरात एका लॉजवर राहिले. कोल्हापूरहून सामान आले, काढून ठेवलेला मूळचा बंपर घरून आला. गाडी पुन्हा मूळ उंचीवर उतरवली. मूळ मापाचे टायर आले. चारही चाकांच्या रबरी नळ्या नव्या घातल्या, ब्रेकचे जुने काळे तेल काढून नवे भरले, स्टिअरिंगचे सांधे बदलले, पिचलेली रबरे बदलली. पुढचे जड लोखंड आणि रहाट काढून ठेवले. टपावरची दिव्यांची रांग उतरवली. बंपरवरचे दोन पिवळे दिवे मात्र उस्तादांनी मूळच्या बंपरवर पुन्हा बसवले. "हे चांगलं लावलंत, शेठ. घाटात धुकं असतं. आणि खाली इंजिनाला पत्र्याची पाठ लावून देतो, दगड लागतात. तीही लावण्यासारखी गोष्ट आहे."

मगदूम दोन्ही दिवस तिथेच होते. पहिल्या दिवशी ते खुर्चीवर बसून पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते उठले, शलाकाच्या शेजारी गोणपाटावर आडवे झाले आणि गाडीखाली सरकले. दोन महिने मिरवलेली ती गाडी त्यांनी पहिल्यांदाच खालून पाहिली. "हे काय?" ते विचारत, आणि शलाका सांगत जाई. कोणत्या सांध्यावर काय तोललेले असते, कोणते रबर काय सोसते. एकदा त्यांनी ब्रेकच्या नव्या नळीवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "एवढ्याशा वस्तूवर सगळं आहे होय." शलाकाने बोलत राहायचे ठरवले होते. म्हणून ती बोलत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. मगदूम गाडी चालवत होते, शेजारी त्रिशलाताई, मागे शलाका. घाट संपेपर्यंत तिला उस्तादांनी सोबत पाठवले होते. धुके होते. पिवळ्या उजेडात रस्ता जेमतेम दिसत होता. मगदूम सावकाश उतरत होते. निम्म्याहून अधिक घाट सरला असेल, एका आंधळ्या वळणावर समोर एकाएकी दगडाने भरलेला ट्रक आडवा उभा दिसला. त्याचे चाक निखळले होते आणि चालक खाली उतरून मागच्या गाड्यांना हात करायला धावत येत होता. तोही आता गाडीच्या समोरच होता.

मगदूमांचा पाय पडला.

गाडी नाक खाली करून सरळ थांबली. ना सरकली, ना ओढली. ट्रकचा चालक चार पावलांवर हात वर केलेल्या अवस्थेत उभा होता. त्याने हळूहळू हात खाली घेतले.

इंजिन मंद चालू होते. त्रिशलाताईंनी दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड धरला होता, तो सोडला. मगदूमांचा पाय पेडलवर तसाच होता. पेडल टणक होते, पायाला आधार देत होते. शलाकाने मागून पाहिले, त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होते आणि ते पुसायला ते हात उचलत नव्हते.

"अहो," त्रिशलाताई म्हणाल्या, "थांबली."

"हो," मगदूम म्हणाले. "थांबली."

ही गोष्ट मला शलाकाने सांगितली. उस्ताद आता नाहीत. गॅरेज तीच चालवते. वापरलेल्या मोठ्या गाड्या घेऊन हौशी माणसे तिच्याकडे येतात आणि विचारतात, हिला काय काय लावता येईल. ती गोणपाट अंथरते आणि म्हणते, आधी माझ्याबरोबर खाली झोपून बघा. कपडे मळतील म्हणून बरेच जण कां कू करतात. जे झोपतात, त्यांना पुढे फारसे काही सांगावे लागत नाही.